पाने एकशे त्रेचाळीस ते एकशे सत्तर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय मुद्रितशोधन (आता निवृत्त), राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाला, धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहीत आहे. माझ्याशी गोड बोलणारे आता कोणी उरलेले नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी काल माझी नाडी, रक्तदाब आणि डोके, तिन्ही तपासले. वार, महिना, वर्ष विचारले. मी सांगितले आणि त्यांच्या दाखल्यातल्या दोन चुकाही दाखवल्या. "डोक्याला काही झालेलं नाही तुमच्या," त्या म्हणाल्या, "झालं असतं तर आम्ही सुटलो असतो." दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. दीड पानाचे होते. ते या लेखाने रद्द समजावे.

माझ्या मागे माझी एकुलती एक मुलगी आहे. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि लेखिका होती. यातली दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि त्याला कारण मी आहे. हे मृत्युपत्र मुख्यतः त्याबद्दल आहे. घरदार ही किरकोळ बाब म्हणून आधी उरकतो.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, मुलीला मिळावे. पुढच्या खोलीची खिडकी ओल धरली की फुगते. तिला खालच्या अंगाला उजवीकडे गुडघा द्यावा लागतो, हातोडी मारू नये. बँकेत जे असेल तेही मुलीचेच. स्वयंपाकघरातले टेबल मात्र विकू नये. ही, म्हणजे माझी पत्नी, पहाटे उठून त्या टेबलावर लिहायची आणि सहा वाजले की कागद आवरून त्याच टेबलावर आमचे डबे भरायची. त्याच्या एका कोपऱ्यात शाईचा डाग आहे. मी तो तीनदा घासून काढायला गेलो होतो. आता तो कोणी काढू नये. ही विनंती नाही, अट आहे.

कलम २. माझे भिंग माझ्या मित्राला, छापखान्यातल्या कंपोझिटरला द्यावे. मुलगी लहानपणापासून त्याला खिळेकाका म्हणते, कारण शिशाचे खिळे एकेक करून जुळवत त्याने चाळीस वर्षे ओळी उभ्या केल्या. आता त्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही आणि डाव्याने दिसते ते त्याला आवडत नाही, असे तो म्हणतो. तीन शब्दकोश सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत. त्यातल्या सर्वांत जाड शब्दकोशात वर्तमानपत्राचे एक कात्रण आहे, ते आधी काढून घ्यावे.

लाल पेन्सिली कोणाला देऊ नयेत. नऊ शिल्लक आहेत. त्या मोडून टाकाव्यात.

माझ्या कामाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कळणार नाही. मुद्रितशोधक मजकूर वाचत नाही, अक्षरे वाचतो. मजकुराच्या अर्थात गुंतला की नजर पुढे पळते आणि चूक मागे राहते. म्हणून आम्ही स्वतःला अर्थ न लावण्याची सवय लावून घेतो. मी ती इतकी लावून घेतली होती की छापखान्यात मला काना-मात्रा म्हणत. तोंडावर मास्तर, पाठीमागे काना-मात्रा. मला त्याचा अभिमान होता. डब्यावरचे लेबल, दुकानाची पाटी, दुधाचे बिल, माझ्या नजरेतून काही सुटत नसे. समोर बसलेल्या बाईचा चेहरा तेवढा सुटत असे.

कलम ३. माझे जुने राग पुढीलप्रमाणे निकालात काढावेत.

हिची कादंबरी एका टेलिफोन ऑपरेटर बाईची होती. ती लिहायला पाच वर्षे लागली आणि प्रकाशक मिळायला चार. मी ती कापडी पिशवीत घालून अकरा प्रकाशकांचे उंबरे झिजवले. पहिल्याने आठ दिवसांत परत केली. हिने गठ्ठ्याच्या दोरीकडे बघितले आणि म्हणाली, "ही गाठ माझीच आहे." म्हणजे त्याने ती सोडलीही नव्हती. दुसऱ्याकडे हस्तलिखित दोन वर्षे राहिले, मग हरवले, मग त्याच्याच कचेरीत एका डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली सापडले. एकाने सुचवले की नायिकेला डॉक्टर करा, ऑपरेटरच्या आयुष्यात असते काय? एकाने इतकी स्तुती केली की आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून चहा पाजला. महिन्याभराने त्याने धंदाच बंद केला आणि पुस्तक न आल्याचे शेजाऱ्यांना सांगत बसण्याचे काम आमच्याकडे आले.

या अकरा जणांना मी अनेक वर्षे शिव्या दिल्या. त्या सर्व मी परत घेतो. त्यांनी फक्त नाही म्हटले होते.

मुलीच्या मनात मात्र याचे वेगळेच चित्र आहे. बाबांनी आईच्या पुस्तकासाठी जोडे झिजवले, स्वतःचे पुस्तक असते तर इतके केले नसते, असे ती सगळ्यांना सांगते. तिच्या शाळेत एकदा मी गेलो होतो तेव्हा तिने मुख्याध्यापकांशी माझी ओळखही तशीच करून दिली. मी हसून मान हलवली. ती मान हलवल्याची लाज मला आजही वाटते.

कलम ४. बारावा प्रकाशक एका खोलीत धंदा करायचा आणि वाक्यागणिक खोकायचा. त्याने हस्तलिखित तीन दिवसांत वाचले आणि आम्हाला दोघांना बोलावले. "बाई, पुस्तक मी काढतो," तो म्हणाला. "पण तुमची नायिका सातव्यात घर सोडते आणि लगेच पुढच्या प्रकरणात भाजी चिरताना दिसते. मधलं कुठंय? ती का परत येते, ते लिहा."

हिने हस्तलिखित पुढे ओढून सातव्याचे शेवटचे पान उघडले. मग म्हणाली, "लिहिते."

घर सोडण्याची गोष्ट कल्पनेतली नव्हती. मुलगी नऊ वर्षांची असताना हिची आई वारली. त्यानंतर आठ दिवसांनी आईचे शेवटचे पत्र टपालाने आले. टेबलावर उघडे पडले होते. मी चहा पिता पिता ते उचलले आणि हातात लाल पेन्सिल होतीच. सवयीने. अकरा चुका काढल्या, समासात खुणा केल्या आणि पत्र होते तिथे ठेवले. ही आंघोळ करून आली, पत्राकडे बघितले आणि पिशवी भरून निघून गेली. दोन दिवसांनी परत आली. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. मी तेव्हाच धरून चाललो की ती मुलीसाठी परतली. माझ्यासाठी परतण्यासारखे माझ्यात काही होते असे मला कधी वाटले नाही.

त्या दोन दिवसांचे नवे, आठवे प्रकरण हिने महिन्याभरात लिहिले. अठ्ठावीस पाने, एकशे त्रेचाळीस ते एकशे सत्तर. नक्कल केली नाही. माझ्या हातात देऊन म्हणाली, "आधी तुम्ही वाचा. मग प्रेसमध्ये द्या." पुस्तक माझ्याच छापखान्यात छापायचे ठरले होते, त्यामुळे पाने पोचवायचे काम ओघानेच माझ्याकडे होते.

कलम ५. आता मी जे केले ते लिहितो.

मी ती पाने छापखान्यात माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या उघडली. चार पाने वाचली. पत्र, लाल पेन्सिल, अकरा चुका, सगळे होते. जोडे एका रेषेत लावणारा नवरा होता. कानामागे पेन्सिल खोचणारा, घरात कधीही "चुकलं माझं" न म्हणणारा. आमच्या छापखान्यात सोळा माणसे होती. त्यांच्यातला कोणीतरी ही पाने अक्षर अक्षर जुळवणार होता, आणि पहिल्या पानावरच सगळ्यांनी मला ओळखले असते. माझे कान तापले. पाचवे पान उघडले नाही. अठ्ठावीसही पाने माझ्या ड्रॉवरमध्ये घातली आणि किल्ली फिरवली.

संध्याकाळी हिने विचारले, "वाचलंत?"

"वाचलं."

"सगळं?"

"हो."

"मग?"

"चांगलं आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला अजून काहीतरी ऐकायचे होते हे मला कळले, पण मला वाटले की तिला माफी ऐकायची आहे.

आठ दिवसांनी मी सांगितले की पाने छापखान्यात गहाळ झाली. कंपोझिटरच्या हातून. हे मी माझ्या मित्राविषयी बोललो. ही एक्स्चेंजमधून ड्यूटी संपवून तशीच छापखान्यात आली. खिळ्यांच्या केसखाली, जुळवलेल्या ओळींच्या गॅलींमागे, रद्दीच्या पोत्यात, गुडघ्यांवर बसून शोधत राहिली. हात कोपरापर्यंत काळे झाले. कंपोझिटर तिच्याबरोबर जमिनीवर बसून शोधत होता. आणि मीही शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत आहे हे ठाऊक असून वळसा घालणारा माणूस मी एकच पाहिला.

घरी येताना ही रस्त्यात थांबली. म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही वाचलंत ना?"

"वाचलं म्हटलं ना."

"मग झालं," ती म्हणाली.

ते तिने इतक्या शांतपणे म्हटले की मला सुटल्यासारखे वाटले.

प्रकाशकाच्या आग्रहावरून तिने प्रकरण पुन्हा लिहायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा फाडले. "आठवून लिहिलं की नुसतं आठवलेलं उतरतं," म्हणाली. प्रकाशकाचा खोकला वाढला होता, त्याला थांबायला वेळ नव्हता. पुस्तक आठव्या प्रकरणाविना निघाले. नवव्याचे आठवे केले. शेवटच्या प्रुफावर "छपाईस हरकत नाही" असे लिहून मीच सही केली.

शब्दकोशातले कात्रण त्या पुस्तकाच्या परीक्षणाचे आहे. परीक्षकाने लिहिले होते की नायिका का परतते हे बहुधा लेखिकेलाही ठाऊक नसावे. ते कात्रण हिने स्वतः कापून ठेवले. त्या परीक्षकावरही माझा राग नाही. त्याच्या हातात जे पुस्तक होते, त्याविषयी तो बरोबरच बोलला.

कलम ६. सिनेमाविषयी.

पुस्तक निघून तीन वर्षांनी एक दिग्दर्शक आमच्याकडे आला. रस्त्यावरच्या रद्दीवाल्याकडे त्याला ते मिळाले होते. एक्स्चेंजमधल्या बायका, त्यांच्या कानाला लावलेली यंत्रे, परक्यांची सुखदुःखे जोडून देणारे हात, हे सगळे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले होते. करारनामा घेऊनच आला होता. हिने त्या दिवशी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर घालायची विसरली. इतकी आनंदात मी तिला फारशी पाहिलेली नाही.

मग त्याने विचारले, "फक्त एक सांगा. ती परत का येते? मला तो सीन मिळत नाहीये."

हिने तोंड उघडले. आणि तिच्या आधी मी बोललो. "मुलीसाठी," मी म्हणालो, "दुसरं काय असणार?"

दिग्दर्शक खूश झाला. वहीत लिहून घेतले. मी हिच्याकडे पाहिले तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी कोणी परका माणूस चुकून त्या खोलीत येऊन बसलो होतो. महिन्याभराने पटकथा आली. त्यात मुलीला ताप चढतो आणि बाई धावत घरी येऊन नवऱ्याच्या पायाशी बसते. हिने वाचली आणि करारनामा सही न करता परत केला. दिग्दर्शक पुन्हा आला, हातापाया पडला. "मग तुम्ही सांगा ना, का येते? तुम्ही सांगाल तसं करतो."

"ज्याला सांगायचं होतं त्याने वाचलंय," ही म्हणाली. "त्याला ते पटलेलं नाही. मग लोकांना कशाला सांगू?"

मला वाटले हिला चोरी कळली. घाबरून मी आठ दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिला चोरी कळली नव्हती. तिला काय वाटले होते हे मला अगदी अलीकडे कळले.

सिनेमा झाला नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. त्यानंतर बावीस वर्षे ही जगली, नोकरी केली, मुलीला दर आठवड्याला पत्र लिहिले. गोष्ट म्हणून एक ओळ लिहिली नाही. पहाटे जाग येत असे, तेव्हा ती टेबलाशी नुसती बसून असायची. मी विचारायचो, "काय करतेस?" ती म्हणायची, "काही नाही. सवय."

कलम ७. पुस्तकाचे हक्क हिच्यामागे मुलीकडे आणि माझ्याकडे आले. माझा हिस्सा मी मुलीला देतो. हे कलम एरवी एका ओळीचे होते. ते लांबण्याचे कारण असे.

तीन महिन्यांपूर्वी एक तरुण दिग्दर्शिका मुलीला जाऊन भेटली. तिला ते पुस्तक स्वतःच्या आईच्या कपाटात सापडले होते. सिनेमा करायचा आहे आणि प्रश्न तोच आहे. मुलीने मला फोन केला.

"बाबा, मी तिला सांगितलं की ती बाई मुलीसाठी परत येते. बरोबर ना?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मला ते दोन दिवस आठवतात, बाबा. मला लहानपणापासून माहीत आहे. आई माझ्यामुळे अडकली. मी नसते तर ती गेली असती आणि कुठल्या कुठे पोचली असती. तुम्ही तिच्यासाठी इतकं करूनसुद्धा." मग तिने नाक ओढले आणि म्हणाली, "असू दे. पिच्चर होतोय, हेच खूप."

माझी मुलगी पंचेचाळीस वर्षांची आहे. तिने छत्तीस वर्षे हे ओझे वाहिले आणि मला त्याचा पत्ता नव्हता. फोन ठेवल्यावर मी ट्रंक उघडली. निवृत्तीच्या दिवशी पाने ड्रॉवरमधून ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली गेली होती. त्यानंतरही मी ती कधी उघडली नव्हती. चोरलेली वस्तू उघडून बघायचे धाडस माझ्यात नव्हते. त्या दुपारी पाचवे पान उघडले.

कलम ८. आठव्या प्रकरणात काय आहे ते थोडक्यात लिहितो, म्हणजे मुलीला ते मिळण्याआधीच माझ्याकडून कळेल.

चौथ्या पानापर्यंत राग आहे. तो खरा आहे आणि मला लागू आहे. पाचव्या पानावर बाई एक्स्चेंजमध्ये जाते, मैत्रिणीची पाळी मागून घेते आणि फोन जोडण्याच्या बोर्डाशी बसते. ती शहर सोडून जायच्या विचारात आहे. मुलीला मागाहून घेऊन जायचे, हेही तिने ठरवले आहे, मैत्रिणीशी बोलून ठेवले आहे. मुलगी तिच्या पायातली बेडी नाही. तसे वाक्यच आहे: "मुलगी कुठेही माझीच. तिच्यासाठी मला कुठे परत जावं लागणार नव्हतं."

बाळ, हे वाक्य पान एकशे बावन्नवर आहे. दोनदा वाच.

मग एक फोन येतो. माणूस तोंडावर रुमाल धरून बोलतो आहे आणि एक नंबर मागतो आहे. असा नंबर गावात नाही. ती तसे सांगते. तो म्हणतो, चूक झाली, माफ करा. दोन तासांनी पुन्हा तोच आवाज, वेगळा नंबर, तोही नसलेला. चूक झाली, माफ करा. दोन दिवसांत सहा वेळा. दुसऱ्याच वेळी ती ओळखते की हा तिचा नवरा आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातून बोलतो आहे, आणि तिचा नुसता आवाज ऐकण्यासाठी फोन करतो आहे. तिने लिहिले आहे: "ज्याने जन्मात दुसऱ्याची एक चूक सोडली नाही, तो माणूस मी बोर्डावर आहे ना एवढं कळावं म्हणून सहा वेळा स्वतः चुकीचा होत होता. सहाव्या फोननंतर मी पिशवी उचलली."

हे खरे आहे. ते फोन मी केले होते. मी कोणालाही सांगितले नव्हते. मला वाटत होते तिने मला ओळखले नाही.

ती माझ्यासाठी परत आली होती. आणि मी दिग्दर्शकासमोर, तिच्यासमोर, "मुलीसाठी, दुसरं काय" असे म्हणालो. तिच्या लेखी मी हे सगळे वाचले होते आणि तरीही तसे म्हणालो. बावीस वर्षे ती माझ्याबरोबर त्या उत्तरासह राहिली.

कलम ९. कंपोझिटरविषयी. ही त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. तो जिन्यात दिसला की मान वळवायची. तो आमच्या घरी यायचा बंद झाला. मी त्याला भेटत राहिलो, त्याच्या डब्यातले खात राहिलो. हे खापर मी त्याच्या डोक्यावर फोडले होते. ते या मृत्युपत्राने मी माझ्या डोक्यावर घेतो आणि त्याची जाहीर माफी मागतो.

आज सकाळी साक्षीदार म्हणून तो आला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त माझी सही होताना बघायची असते. पण मी त्याला सांगितले. ऐकून त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला.

"ठाऊक आहे मास्तर मला."

"कधीपासून?"

"वहिनी जमिनीवर बसून शोधत होत्या ना, तेव्हापासून. तुम्ही सगळीकडे शोधत होता. फक्त तुमचा ड्रॉवर उघडत नव्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पानं तर गेलीच होती वहिनींची. नवरा पण घालवू?"

मला रडू आले. त्याने चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाला, "पण मास्तर, हे पोरीला तुम्ही मेल्यावर वाचायला देणार? आणि मग तिनं भांडायचं कोणाशी?"

त्याचे म्हणणे बरोबर आहे. सबब या मृत्युपत्राची एक प्रत, मूळ अठ्ठावीस पानांसह, उद्या रजिस्टर टपालाने मुलीकडे रवाना होईल. तिने माझ्याशी भांडावे, बोलणे सोडावे, जे वाटेल ते करावे. त्याचा वारसाहक्कावर परिणाम होणार नाही. दिग्दर्शिकेला हो म्हणायचे की नाही, हे तिने ठरवावे. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तर आठवे प्रकरण त्याच्या जागी, हिने लिहिले तसे, एकही अक्षर न बदलता छापावे. त्याचे प्रूफ मला दाखवू नये.

कलम १०. पान एकशे सत्तरच्या तळाशी हिने पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या आहेत. त्या प्रकरणाचा भाग नाहीत आणि त्या छापू नयेत. मुलीने वाचाव्यात आणि ते पान तेवढे मला परत पाठवावे. माझ्या एवढ्या इस्टेटीत मला स्वतःसाठी हवी असलेली ही एकच वस्तू आहे. पान वाटेत गहाळ झाले तर ओळी राहाव्यात म्हणून इथे उतरवतो:

"इथपर्यंत आलात ना? आता सांगा, छापायचं का. नको वाटलं तर प्रेसमध्ये देऊ नका. मी फाडून टाकीन, मनात काही ठेवणार नाही. नाहीच निघालं तरी चालेल मला. तुम्ही वाचलंत, म्हणजे माझं पुस्तक निघालं."

वरील दहा कलमे मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली, यावेळी शेवटपर्यंत, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ४ फेब्रुवारी २०१६, सकाळचे अकरा

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) कंपोझिटर, निवृत्त
साक्षीदार २: (सही) डॉक्टर, शेजारीण